‘ब्लडलँड्स’ वाचताना: आधी आकडा, मग नकाशा, मग पहिलं पान

अमेरिकी इतिहासकार टिमथी स्नायडर यांचं ‘ब्लडलँड्स’ 2010 साली आलं. हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटींनी 1933 ते 1945 या काळात एकाच भूभागात कशी माणसं मारली, याचा हा इतिहास आहे. पोलंड, युक्रेन, बेलारूस, बाल्टिक देश आणि रशियाची पश्चिम कड हा तो भूभाग. अनेकजण पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत गावांची नावं, आकडे आणि हुकूम यांच्या गर्दीत हरवतात. पुस्तक अवघड नाही, पण त्याला तयारी लागते.

सुरुवात शेवटून करा. समारोपानंतर आकडे आणि संज्ञा यांवर एक छोटं टिपण आहे, ते आधी वाचा. पुस्तकाचा सगळा डोलारा मारलेल्या 1 कोटी 40 लाख माणसांच्या आकड्यावर उभा आहे आणि तो कशाचा बनला आहे ते तिथे कळतं. मग एका कोऱ्या कागदावर स्वतः बेरीज मांडा. सोव्हिएत युक्रेनमध्ये 1932-33 साली उपाशी मारलेले 33 लाख. स्टालिनच्या 1937-38 च्या दहशतीत या पट्ट्यात गोळ्या घातलेले 3 लाख. 1939 ते 1941 मध्ये दोन्ही सत्तांनी मिळून मारलेले पोलिश नागरिक 2 लाख. जर्मनांनी उपाशी मारलेले सोव्हिएत नागरिक 42 लाख. यात युद्धकैदी आणि वेढ्यातलं लेनिनग्राड दोन्ही येतात. गोळ्या घालून किंवा वायूने मारलेले ज्यू 54 लाख. जर्मनांनी सूड म्हणून मारलेले नागरिक, मुख्यतः बेलारूस आणि पोलंडमधले, 7 लाख. एकूण 141 लाख. हा कागद पुस्तकातच ठेवा, प्रत्येक प्रकरणाला लागेल.

त्याच कागदाच्या मागे या बेरजेत *काय धरलेलं नाही* ते लिहा. बहुतेक चुका इथेच होतात. रणांगणावर पडलेले सैनिक यात नाहीत. बॉम्बहल्ल्यात मेलेले नाहीत. गुलागमध्ये, म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांत, किंवा हद्दपारीच्या वाटेवर रोगाने, कष्टाने मेलेलेही नाहीत. कझाकस्तानातल्या उपासमारीत दहा लाखांहून अधिक माणसं गेली, पण तो प्रदेश या पट्ट्याबाहेरचा. 1937-38 मध्ये सबंध सोव्हिएत संघात राजकीय गुन्ह्यांसाठी 6,81,692 जणांना मृत्युदंड दिल्याची सरकारी नोंद आहे. तो आकडा आणि वरचे 3 लाख यांची गल्लत वारंवार होते. स्नायडर फक्त जाणूनबुजून राबवलेल्या हत्येचं धोरण मोजतात, तेही नि:शस्त्र माणसांचं आणि एवढ्याच भूभागातलं. ‘हिटलर-स्टालिनने 1 कोटी 40 लाख मारले’ असं सरसकट वाक्य लिहिलं, तर ते चूक ठरतं.

न मोजलेल्या माणसांचा एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे 5,000 माणसं इराणमार्गे वळिवडेच्या छावणीत पोहोचली आणि 1943 ते 1948 तिथे राहिली. त्यांच्यातली वाटेत मेलेली मुलं-माणसं या बेरजेत कुठेच नाहीत. चौथं प्रकरण, मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप करारानंतरच्या (1939 साली जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पूर्व युरोप आपसात वाटून घेतला तो करार) युरोपवरचं, वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता नकाशा. एक पुरत नाही, चार लागतात: सप्टेंबर 1939 आधीचा, 1939 ते जून 1941 चा, जर्मन ताब्यातला आणि 1945 नंतरचा. पुस्तकात नकाशे आहेत, पण पानं उलटत बसण्यापेक्षा हाताने ढोबळ काढलेले बरे. एकाच शहराची नावं सत्तेबरोबर बदलतात: ल्विव म्हणजेच ल्वूफ, ल्वोव आणि लेंबर्ग, व्हिल्नियस म्हणजेच विल्नो. हे शेजारी लिहून ठेवलं नाही तर एक शहर तीन ठिकाणी मोजलं जातं. मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप रेषा, म्हणजे त्या करारातली वाटणीची रेषा, जाड पेनाने ओढा. तिच्या पूर्वेकडे ज्यूंना प्रामुख्याने खड्ड्यांच्या काठी गोळ्या घातल्या, पश्चिमेकडे प्रामुख्याने वायूने मारलं. ही रेषा डोळ्यांसमोर असली की सहाव्या ते आठव्या प्रकरणाचा क्रम आपोआप लागतो.

मराठीत टिपणं काढणाऱ्यांनी शब्दांकडे फार लक्ष द्यावं. युक्रेनबद्दल आपण सहज ‘दुष्काळ’ लिहितो. आपल्या कानाला दुष्काळ म्हणजे न पडलेला पाऊस, 72 चा दुष्काळ. युक्रेनमध्ये धान्य होतं, ते काढून नेलं. गावं काळ्या यादीत टाकली, धान्याचा हिस्सा न भरणाऱ्यांकडून मांस वसूल केलं आणि 22 जानेवारी 1933 च्या हुकुमाने शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायला बंदी केली. म्हणून ‘लादलेली उपासमार’ म्हणा. तसंच ‘छळछावणी’. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या ट्रेब्लिंका, बेल्झेट्स, सोबिबोर इथे माणसं राहायला नव्हतीच. आगगाडीतून उतरवून काही तासांत मारली जात. त्यांना ‘मृत्युकेंद्र’ म्हणा आणि छळछावणी हा शब्द डाखाऊसारख्या ठिकाणांसाठी राखा. कीव्हजवळ बाबी यार इथे 29-30 सप्टेंबर 1941 ला 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्या. त्यांनी छावणीचं दार कधी पाहिलंच नाही. ‘रशियन’ हाही शब्द सोव्हिएत नागरिक म्हणून वापरू नका, कारण मेलेल्यांत युक्रेनियन, बेलारूसी, पोलिश आणि ज्यू फार मोठ्या संख्येने आहेत.

अकरा प्रकरणं आहेत. एका बैठकीत एकच वाचा आणि वहीत पाच रकाने पाडा: हुकूम कोणी काढला, कोणाविरुद्ध, कोणत्या पद्धतीने मारलं, ठरवलं काय होतं, प्रत्यक्षात काय घडलं. शेवटचे दोन रकाने सर्वांत मोलाचे. पाचव्या प्रकरणातल्या जर्मन भूक-योजनेत सुमारे 3 कोटी माणसं उपाशी मारण्याचा हिशेब होता. युद्ध फसलं, योजना तशी राबवता आली नाही. तरी सोव्हिएत युद्धकैदी लाखोंनी मेले. हा फरक लिहून ठेवला की विचारसरणी आणि परिस्थिती यांचं गणित दिसू लागतं. रकाने न पाडता वाचलं तर फक्त क्रौर्याच्या प्रतिमा उरतात आणि कारणं निसटतात.

सर्वांत वाईट वाचन म्हणजे दोन हुकूमशहांची शर्यत लावणं. एकाचा आकडा दाखवून दुसऱ्याला सूट द्यायची, हे दोन्ही बाजूंचे लोक करतात. तुलनेवर गंभीर आक्षेपही आहेत. रिचर्ड इव्हान्स आणि ओमर बार्टोव या इतिहासकारांनी पुस्तकावर कडक टीका केली; दोन राजवटी शेजारी ठेवल्याने ज्यूंच्या संहाराचं वेगळेपण झाकलं जातं का, हा त्यातला कळीचा प्रश्न. ती टीका पुस्तक पूर्ण झाल्यावर वाचा, आधी नाही, नाहीतर प्रत्येक पान खटल्यातल्या पुराव्यासारखं वाचलं जातं.

यानंतर हत्या करणाऱ्या हातांकडे जायचं तर ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांचं ‘ऑर्डिनरी मेन’, 1992 चं, घ्या. जर्मन राखीव पोलीस बटालियन 101 मधले सुमारे 500 पुरुष; 13 जुलै 1942 ला पोलंडमधल्या युझेफूव्ह गावात ज्यूंना गोळ्या घालण्याआधी त्यांच्या मेजरने नको असेल त्याला बाजूला व्हायची मुभा दिली आणि तिथल्या तिथे जेमतेम डझनभर पुढे आले. स्नायडर यांचं ‘ऑन टिरनी’, 2017 चं, वीस धड्यांचं छोटं पुस्तक, सर्वांत शेवटी ठेवा. ते तासा-दीड तासात संपतं म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. त्यातला ‘आधीच मान तुकवू नका’ हा पहिलाच धडा युझेफूव्ह वाचून झाल्यावर वेगळा कळतो.