रब्बी कृषी सल्ला : सौर पंप किंवा जमीनभाड्याचा निर्णय घेण्यापूर्वी

सोलापूर जिल्ह्यात मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाची पेरणी आटोपली की विहिरीतल्या पाण्याचा आणि विजेच्या वेळापत्रकाचा हिशेब सुरू होतो. ज्वारी पोटरीत असताना (कणीस बाहेर पडण्याआधी), म्हणजे पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी, आणि पुढे फुलोऱ्यात 70 ते 75 दिवसांनी तिला ओल कमी पडू देऊ नये. परंतु नेमक्या त्याच आठवड्यात थ्री फेज वीज रात्रपाळीत आली, तर थंडीत, साप-विंचवाची भीती मनात ठेवून बॅटरीच्या उजेडात दारे धरावी लागतात. दिवसा पाणी देता यावे म्हणून सौर पंपाचा विचार करणाऱ्यांनी त्यामागचे सरकारी नियम आधी समजून घ्यावेत, कारण आपल्या बांधावर कोणता पंप येणार हे बहुतांशी तेच ठरवतात.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना पारंपरिक वीजजोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. सर्वसाधारण गटाने 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी 5 टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. म्हणजे पंपाची कमाल क्षमता सातबाऱ्यावरील क्षेत्र पाहून ठरते, बोअरची खोली पाहून नव्हे, आणि सांगोला-मंगळवेढ्याकडील खोल बोअरधारकांना हीच गोष्ट अडचणीची ठरू शकते. म्हणून ऐन उन्हाळ्यात पाणी किती खोल जाते आणि तेथून किती उंच चढवायचे आहे, याचे माप जागेच्या संयुक्त पाहणीच्या वेळी लेखी नोंदवून घ्यावे. विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर ती आधी करून घ्यावी, आणि पाण्याचा स्रोत सामाईक असल्यास हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र जोडावे.

पंपाची बहुतेक किंमत सरकार भरत असल्याने हा व्यवसाय सरकारी उद्दिष्टाच्या गतीनेच वाढतो. उद्दिष्ट मोठे असले की पुरवठादार गावोगावी पोहोचतात. पण बिघाड झाल्यावर तंत्रज्ञ किती दिवसांत येतो, हा खरा प्रश्न आहे. योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, आणि आमच्या मते या दोन अटी अनुदानाइतक्याच मोलाच्या आहेत. त्यामुळे योजनेतील पुरवठादारांच्या यादीतून कंपनी निवडताना तिचा माणूस आपल्या तालुक्यात राहतो का, हे आधी विचारावे.

ज्यांची वीजजोडणी आहे आणि पंप 7.5 अश्वशक्तीपर्यंतचा आहे, त्यांना बळीराजा मोफत वीज योजनेमुळे मार्च 2029 पर्यंत बिल भरावे लागणार नाही. अशांसाठी दिवसा विजेचा मार्ग सौर कृषी वाहिनी योजनेचा, म्हणजे उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा आहे. 2023 पासून तिच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळची जमीन हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये भाड्याने घेतली जाते आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. महावितरण 25 वर्षांचा वीजखरेदी करार करते, त्या भरवशावर बँका कर्ज देतात आणि प्रकल्प उभे राहतात. मात्र तोच करार आपली जमीन जवळजवळ एका पिढीसाठी अडकवतो. मुरमाड, खडकाळ तुकडा अवश्य द्यावा. ज्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, ती पिकवणारी मंगळवेढ्याची काळी जमीन पॅनेलखाली घालू नये, असे आम्ही कळकळीने सांगतो.

सरकारी धोरणावर विसंबलेला व्यवसाय धोरण बदलले की कसा अडचणीत येतो, हे ऊस उत्पादकांनी पाहिले आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ते ऑगस्ट 2024 मध्ये उठवले. दरम्यानच्या काळात आसवनीवर (इथेनॉल तयार करणाऱ्या प्रकल्पावर) मोठी गुंतवणूक केलेल्या साखर कारखान्यांचे नियोजन विस्कटले. म्हणून ऊस लागवडीचा निर्णय केवळ इथेनॉलच्या अपेक्षेवर घेऊ नये.

सौर पंपाला बिल नाही, म्हणून दिवसभर उपसा सुरू ठेवण्याचा मोह होतो, आणि तसे केल्यास विहीर माघातच तळ गाठेल. ठिबक जोडावे आणि पाळीप्रमाणेच पाणी द्यावे. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने उपसा कमी मिळतो, म्हणून पाळीचे क्षेत्र ठरवताना तेवढी घट धरावी. पॅनेलवरील धूळ सकाळी, काच थंड असताना साध्या पाण्याने धुवावी, सावली पाडणाऱ्या बाभळीच्या फांद्या छाटाव्यात आणि अवकाळी पावसाच्या आधी अर्थिंग व वीजरोधक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावेत.