पाइल आणि पाइल कॅपचा पक्का जोड: या चुका टाळा

"साहेब, सळ्या जाळीला आडव्या येत होत्या, म्हणून छाटल्या." सोलापुरात अक्कलकोट रोडकडच्या एका साइटवर फिटरने हे सांगितलं, तेव्हा पाइलच्या (पायासाठी जमिनीत खोल भरलेल्या काँक्रीटच्या खांबाच्या) डोक्यावर २० मिमीच्या सळ्या जेमतेम वीतभर उरल्या होत्या. ड्रॉइंगमध्ये पाइल आणि कॅपचा (पाइलच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) जोड 'फिक्स्ड' होता, म्हणजे डोकं फिरू न देणारा.

आयएस २९११ या पाइलच्या भारतीय मानकाच्या सूत्रात, जमीन पाइलला पक्कं धरते ती खोली तीच मानली, तर पाइलचं डोकं पक्कं धरलेलं असताना आडव्या भाराखाली ते जितकं सरकतं, त्याच्या चौपट मोकळं डोकं सरकतं. पाइलमधला मोमेंटही (वाकवणारा जोर) दुप्पट होतो. १९९३ चा किल्लारीचा हादरा सोलापूरकर विसरलेले नाहीत. इथे आडवा भार हिशेबात धरायलाच हवा.

एम२५ प्रतीचं काँक्रीट आणि एफई५०० प्रतीची सळई असेल तर ताणासाठी कॅपमध्ये व्यासाच्या सुमारे ४९ पट लांबी लागते. म्हणजे २० मिमीला सुमारे ९८० मिमी. कॅप ८०० मिमीची असेल तर सळई सरळ मावत नाही, वर काटकोनात वळवावी लागते. हे डिझायनरनेच आधी काढून द्यावं आणि कॅपच्या तळजाळीच्या सळ्या पाइलच्या सळ्यांमधून कशा जातील तेही दाखवावं. फिटरवर सोडलं की कटर चालतो.

सळ्या तुटल्याच असतील तर वर तुकडा वेल्ड करून वेळ मारून नेऊ नका. आम्ही पाइल कट-ऑफच्या (पाइल जिथे छाटायचा त्या पातळीच्या) खाली मीटरभर फोडला, सळ्या मोकळ्या केल्या, पूर्ण लॅप (जुन्या-नव्या सळ्या शेजारी ठेवून जोडायची लांबी) देऊन नव्या बांधल्या, रिंगा घातल्या आणि डोकं पुन्हा भरलं. चार दिवस गेले, पण जोड खरा झाला.

चिपिंगचंही तसंच. वरचं सायीसारखं कच्चं काँक्रीट टणक थर लागेपर्यंत काढायचं, शेवटचा थर छिन्नीने; मोठा ब्रेकर डोक्याला तडे पाडतो. डोकं कॅपमध्ये ५० मिमी शिरलं पाहिजे. पीसीसी (कॅपखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकताना ते बुजवलं जातं, हे मी वारंवार पाहतो. पावसात काळी माती डोक्यावर घसरते. ओतण्याआधी तारेच्या ब्रशने घासून धुवा.

आणि एकाच पाइलची कॅप असेल तर नुसत्या सळ्यांनी ती फिक्स्ड होत नाही. दोन्ही दिशांनी बीमने बांधा.