कंपनीच्या जागेवर सोसायटी: माती तपासताना या चुका टाळा

भांडुप, कांजूरमार्ग, ठाण्याचा पोखरण रोड, तिकडे पिंपरी-चिंचवड. जिथे तीन पाळ्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता सॅम्पल फ्लॅट दाखवतात. अशा जागेचा सौदा ठरला की कागदांची चिरफाड चोख होते: प्रॉपर्टी कार्ड, यूएलसीची (शहरी जमीन कमाल धारणा कायद्याची) सूट, ‘आय टू आर’ म्हणजे औद्योगिक जागा निवासी करण्याची परवानगी, कामगारांची देणी फिटल्याचा दाखला. जमिनीचं विचारलं की मात्र ठरलेलं उत्तर येतं, “सॉइल रिपोर्ट आहे की!”

तो रिपोर्ट बहुतेक वेळा पायाचा असतो. मुरूम किती फुटांवर, खडक कुठे, भार किती पेलेल, एवढंच त्यात. मातीत काय मुरलंय हे कोणी पाहिलेलंच नसतं. रिपोर्टमध्ये धातू, तेल, सॉल्व्हेंट (धुण्या-विरघळवण्याची रसायनं) यांचे आकडे आहेत का ते आधी उघडून बघा. नसतील तर तुमच्या हातात काहीच नाही असं समजून कामाला लागा.

बोअर सोयीच्या जागी घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या जागेवर आमच्या आधी मातीच्या नमुन्यांसाठी सहा बोअर झाले होते. सहाही गेटजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, कारण रिगचा ट्रक तिथवर आरामात जायचा. निकाल अर्थातच स्वच्छ. आम्ही गेलो तेव्हा वॉचमन म्हणून तिथेच राहिलेले एक जुने फिटर काका सोबत फिरत होते. शेडच्या मागच्या कोपऱ्यात थांबले, बुटाच्या टाचेने कोबा ठोकला आणि म्हणाले, “साहेब, प्लेटिंगचं पाणी ह्या चरातून मागच्या भिंतीला जायचं. ईटीपी फार नंतर आली.” प्लेटिंग म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा.

कोबा फोडला. खालचा मुरूम तांबूस असायला हवा, तो हिरवट-पिवळा निघाला. खड्ड्यात जमलेलं पाणी लिंबू सरबताच्या रंगाचं. क्रोमियम-६ होतं, क्रोमियमचं विषारी रूप. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि तेवढ्याने पाण्याला रंग चढत नाही. डोळ्यांना पिवळं दिसतंय म्हणजे मर्यादा केव्हाच मागे पडली.

म्हणून रिग बोलावण्याआधी कंपनीत कुठे काय चालायचं ते कागदावर मांडा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या संमतीपत्रांत उत्पादन, कच्चा माल आणि घातक कचऱ्याचे प्रकार लिहिलेले असतात. कारखाना निरीक्षकांकडे मंजूर प्लॅन असतो. पेट्रोल किंवा सॉल्व्हेंटच्या जमिनीखालच्या टाक्यांचे परवाने पेसो ही स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था देते, तिचं मुख्यालय नागपूरला. परवान्यासोबत टाकीचा नकाशाही असतो. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं उघडली तर आज गवत उगवलेल्या जागी तेव्हा गाळाचा हौद होता हेही दिसतं. आणि दोन-तीन जुन्या कामगारांना चहा पाजा. पेंट शॉप, पिकलिंगचा (ॲसिडने धातू साफ करायचा) हौद, बॉयलरची राख टाकायची जागा, ट्रान्सफॉर्मर यार्ड, शोषखड्डा हे सगळं ते चालता चालता बोटाने दाखवतात. बोअर तिथे हवेत. रिग पोहोचत नसेल तर भिंत पाडा, पण जागा बदलू नका.

नमुना घेतानाच बिघडवणं

पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवला की लॅबचं बिल वाचतं, आणि एका जागेचं विष पाच जागांत विरघळून ‘मर्यादेत’ बसतं. सॉल्व्हेंट किंवा पेट्रोलची शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली माती दुपारभर उन्हात गाडीत ठेवणं म्हणजे पुरावा उडवून लावणं. काचेची बाटली काठोकाठ भरायची, झाकण घट्ट, थेट बर्फाच्या पेटीत.

खोलीचंही तसंच. डिझेल पाण्यावर तरंगतं, पण यंत्रांचे भाग धुवायला वापरलेलं ट्रायक्लोरोइथिलिन पाण्यापेक्षा जड. ते मुरमातून उतरून काळ्या पाषाणाच्या भेगांत जाऊन बसतं. तीन मीटरवर बोअर थांबवला तर ते कधीच सापडणार नाही. शिवाय आपल्या खडकात पाणी भेगांमधून चालतं. एका बोअरला पाणी लागतं, वीस फुटांवरचा कोरडा. मे महिन्यात एकदाच पातळी मोजून मोकळं होऊ नका, पावसाळ्यानंतरही जा.

डच तक्त्याला देव मानणं

१९८० साली नेदरलँड्समधल्या लेकरकर्क गावात नव्या वसाहतीखाली रासायनिक कचऱ्याची पिंपं सापडली आणि अडीचशेहून जास्त घरं रिकामी करावी लागली. डच लोकांचे मातीचे कायदे आणि तक्ते त्या धक्क्यातून आले. आपल्याकडचे कन्सल्टंट त्यातलेच आकडे रिपोर्टला जोडतात. जोडा, पण वाचून. त्यात तांब्याची हस्तक्षेपाची मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे सफाईचा विचार करावा लागतो ती, किलोला १९० मिलिग्रॅम आहे, आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, तांबं मुळातच त्याच्या आसपास असू शकतं. म्हणजे कारखाना कधी नव्हता अशा टेकडीवरची मातीही ‘दूषित’ ठरेल! म्हणून जवळच्याच न हललेल्या जमिनीतला एक तरी नमुना तुलनेला घ्या. उलट गफलतही पाहिली आहे: टीसीएलपी ही झिरपण्याची चाचणी पास, म्हणून माती घरांसाठी सुरक्षित. ती चाचणी कचरा भरावात टाकल्यावर त्यातून किती झिरपेल हे सांगते. त्यावर मूल खेळलं तर काय होईल, याचं उत्तर तिच्यात नाही.

बेसमेंट शेवटी आठवणं

दोन मजली बेसमेंट खणताना पंप लावून पाणी उपसतात, तेव्हा शेजारच्या प्लॉटखालचं पाणीही तुमच्याकडे ओढलं जातं. सॉल्व्हेंटची वाफ तळमजल्याच्या फटींतून वर येते. आर्किटेक्टचा प्लॅन पक्का होण्याआधी हे त्याच्या टेबलावर असायला हवं.

माती राडारोड्यात मिसळणं

पाडकाम करणारा पत्रे वरून खाली फेकतो. ते ॲस्बेस्टॉसचे असतात. ओले करून, अख्खे उतरवायचे. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल पीसीबी या विषारी रसायनासाठी तपासल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. डंपर भरायला लागले की हिरवा मुरूम आणि विटांचे तुकडे एकाच ढिगात जातात, मग कुठल्या खाडीकाठी ओतले गेले कोणालाच कळत नाही. घातक ठरलेली माती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर, डंपरगणिक मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला याची नोंद) भरूनच जायला हवी.

आणि खरेदीखत. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले, प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करण्याची सोय त्यात आहे. पण तुम्ही ‘जशी आहे तशी’ या कलमाखाली सही केली असेल तर विकणारा त्याच कलमावर बोट ठेवणार. सफाईचा खर्च कोणाचा आणि कोणत्या आकड्यापर्यंत, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. आमच्या त्या कंपनीच्या सौद्यात ते लिहिलेलं नव्हतं, आणि मागची भिंत अजून दोन वकिलांच्या मध्ये उभी आहे.