कोयता उचलण्याआधी दात दाखवून घ्या

मी धारूर तालुक्यातली आशा सेविका. आमच्या वाडीतली निम्मीअधिक घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळीसोबत निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मधले पाच-सहा महिने दाढ ठणकली तरी कुणी दवाखाना गाठत नाही, कारण एक दिवस बुडाला की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, खाडा लावतो, दंड कापतो. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणावरून आमचा बीड जिल्हा पेपरात गाजला, पण बायांचे दात कोण विचारतो? म्हणून दातांचं काम मृगापासून दसऱ्यापर्यंत उरकायचं. त्यातही श्रावण उजाडायची वाट बघू नका. दात भरणं एका खेपेत होतं, पण रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात. पितृपंधरवड्यात आलात तर डॉक्टरांच्या हातात दाढ काढण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

जायचं कुठं? प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचे डॉक्टर सहसा नसतात. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात असतात, ग्रामीण रुग्णालयात कधी असतात, कधी नसतात. म्हणून आधी तुमच्या आशाला फोन करून वार आणि वेळ विचारायला लावा. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून जेवढा खर्च होतो, तेवढा उपचाराला होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत, कुणी पैसे मागितले तर पावती मागा. तिथं जमलं नाही तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, त्याच्या पुढं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. मात्र ही दोन्ही वैद्यकीय शिक्षण खात्याची, तिथं थोडे पैसे जवळ ठेवा.

दाढ काढायला उपाशी जाऊ नका. आमच्याकडं बाया उपवासाच्या दिवशीच जातात आणि इंजेक्शन दिलं की चक्कर येऊन पडतात. भाकरी खाऊन जा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, दिवस गेलेले असणं, यातलं जे असेल ते आधी सांगा. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखू नाही. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याची गुळणी. आणि चार दिवस डोक्यावर ओझं नाही, मग ते सरपण असो की पाण्याचा हंडा.

आता पोरांचं. पोरगं सहा वर्षांचं झालं की त्याला दारात उजेडाकडं तोंड करून बसवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि आ करायला सांगा. दुधाच्या दाढांच्या मागं एक मोठी, खाचाखाचांची दाढ दिसेल. ही उगवताना आधी कुठला दात पडत नाही, त्यामुळं आई म्हणते, ‘दुधाचीच आहे, पडंल की.’ ही पडत नाही, ती जन्माची दाढ. तिच्या खाचेत काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर त्याच महिन्यात दवाखान्यात न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, दातही बघतं. पण ते हिवाळ्यात आलं तर आमची पोरं फडावर, ऊसतोडीच्या रानात. म्हणून जूनमध्येच गुरुजींना पथकाची तारीख विचारा. पोर तेव्हा इथं नसणार असेल तर आशाला सांगा, पथकाची माणसं ग्रामीण रुग्णालयात भेटतात.

फडावर पोरांच्या हातात दिवसभर ऊस असतो. ऊस खाऊ नको म्हणणं व्यर्थ आहे, बापच तोडतो. पण एका बैठकीत खाऊ द्या आणि वर पाणी पाजा. दिवसभर चघळलं की तोंडात आंबटपणा राहतो आणि दात झिजत जातो. सामानात प्रत्येकाचा वेगळा ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट बांधा. लहान्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांपुढं वाटाण्याएवढी. रात्री झोपताना कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, घासणं सकाळच्या घासण्याहून जास्त कामाचं.

मिश्री सोडा हे मी सांगते आणि बाया हसतात, कारण त्याशिवाय सकाळ होत नाही. निदान दिवसातून किती वेळा लावता ते मोजा आणि एकेक वेळ कमी करा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा फुकटचा नंबर आहे. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी होते, फॉर्म आम्हीच भरतो. घरी एवढं बघा: तीन बोटं उभी तोंडात जातात का? गालात पांढरा-लाल चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारं तोंड आलंय का? बोटं जात नसतील किंवा असं काही दिसलं तर थांबू नका. तोंडाच्या कर्करोगाचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो.

दुखऱ्या दाढेत बिब्बा घालू नका, हिरडी जळते. कापसावर अळी काढून दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका, किडलेल्या दातात अळी नसतेच.

उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतानाच मुकादमाशी एक बोलून घ्या, टोळीतल्या चार बायांनी मिळून बोला. दाढेची सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं उतरली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी गाडी द्यायची आणि खाडा लावायचा नाही. ही सूज श्वास अडवू शकते, रात्र काढायची नसते. सांगली, कराडकडं फड असेल तर तिथं दंत महाविद्यालयं आहेत, शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली कमी पैशात काम करतात. जुना केसपेपर आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, कोपीत पाणी शिरतं.