सीटीचे थर थ्रीडी फाइलमध्ये नेताना या चुका टाळा

मॉडेलमधली कवटी चपटी आली की लोक आधी रेंडररला (पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला) शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा व्हॉक्सेलच्या (थ्रीडी पिक्सेल, स्कॅनचा सर्वांत छोटा ठोकळा) मापात असतो. समजा, पिक्सेल ०.७ मिमीचा आहे आणि दोन स्लाइसमधलं (थरांमधलं) अंतर २.८ मिमी. हे न सांगता नुसते आकडे ओतले, तर प्रोग्रॅम प्रत्येक व्हॉक्सेल घनाकृती धरतो आणि १०० स्लाइसची २८० मिमी उंची ७० मिमीवर येते.

मग माणूस डायकॉममधली (स्कॅनच्या मूळ फाइलमधली) ‘स्लाइस थिकनेस’, म्हणजे थराची जाडी, उचलतो. तीही फसवी. ५ मिमी जाडीच्या स्लाइस दर २.५ मिमीला घेतलेल्या असू शकतात. जाडीलाच अंतर मानलं की रुग्ण दुप्पट उंच! ‘इमेज पोझिशन पेशंट’ हा टॅग (स्लाइसच्या जागेची फाइलमधली नोंद) वाचून लागोपाठच्या स्लाइसमधलं अंतर काढा. क्रमही त्यावरूनच लावा. फाइलच्या नावांवर विसंबलात तर १ नंतर २ ऐवजी १० येऊन बसतो.

दिशेची चूक जास्त घातक, कारण ती डोळ्यांना खुपत नाही. डायकॉममध्ये एक्स रुग्णाच्या डावीकडे आणि वाय पाठीकडे वाढतो. निफ्टीत (शेअर बाजारातला नव्हे, स्कॅनच्या फाइलचा दुसरा प्रकार) उजवीकडे आणि पुढे. झेड दोन्हींत डोक्याकडेच. एक्स-वायची चिन्हं बदलायची राहिली तर मॉडेल १८० अंशांत फिरतं, लगेच कळतं. एकच चिन्ह बदललं तर डावं-उजवं उलटतं, आणि उलटलेली कवटी अगदी साळसूद दिसते. म्हणून रूपांतराची चाचणी पोटाच्या स्कॅनवर घ्या: जन्मजात अपवाद सोडले तर यकृत उजवीकडेच हवं.

जागा वाचवायला स्कॅनचे आकडे ८ बिट करू नका. ४०९६ पायऱ्या २५६ वर आणल्या की एकेक पायरी १६ हाउन्सफील्डची (एखादा भाग क्ष-किरण किती अडवतो ते मोजायचं सीटीचं एकक) होते. मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक त्याहून कमी असतो, तो तिथेच संपला.

अवयवांना क्रमांक दिलेली फाइल लहान-मोठी करताना ‘निअरेस्ट’च (सर्वांत जवळचा आकडा तसाच उचलणारी पद्धत) निवडा. ‘लिनिअर’ने (मधला आकडा काढणारी पद्धत) १ आणि ३ च्या सीमेवर २ नंबरचा भलताच अवयव उगवतो.

ओपनव्हीडीबीत (व्हॉल्यूम, म्हणजे व्हॉक्सेलचा साठा, ठेवायचा आणखी एक प्रकार) वस्तू आतून पोकळ आणि बाहेरच्या कडेला धुराची पातळ साल दिसली, तर तुम्ही लेव्हल सेट हा फॉग (प्रत्येक व्हॉक्सेलची घनता) म्हणून लोड केलाय. लेव्हल सेटमध्ये घनता नसते, पृष्ठभागापासूनचं अंतर असतं, आत ऋण. आधी फॉगमध्ये रूपांतर करा. सीटी भरताना बॅकग्राउंड व्हॅल्यू (रिकामी समजून न साठवायची किंमत) ० ठेवलीत, तर –१००० हाउन्सफील्डची सगळी हवाही साठवली जाते आणि फाइल फुगते. प्रत्येक बाजूला ५१२ व्हॉक्सेल असलेल्या घनाला ३२ बिटांत ५१२ एमबी लागतात. बॅकग्राउंड –१००० द्या, आणि स्कॅनमधल्या हवेचे आकडे थोडे वरखाली असतात, म्हणून टॉलरन्सही (किती फरक चालवून घ्यायचा ते) द्या.

एसटीएलमध्ये (थ्रीडी मॉडेलच्या फाइलचा एक प्रकार) फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण जातात, एककसुद्धा नाही. मूळ व्हॉल्यूम पुसू नका. जीएलटीएफच्या (असाच दुसरा प्रकार) ‘केएचआर मटेरियल्स व्हॉल्यूम’ या जोडणीच्या नावाला भुलून त्यात स्कॅन कोंबायला जाऊ नका. ते काचेसारख्या वस्तूच्या आत प्रकाश किती शोषला जातो तेवढंच सांगतं. व्हॉक्सेलला तिथे जागाच नाही.