कुत्र्याचं पोट बिघडलं तर: आधी हात आखडता घ्या, मग भात शिजवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जुन्या नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघायच्या वेळेला, आमच्या भुऱ्यानं अंगणात तीनदा पातळ शी केली आणि एकदा पिवळी उलटी. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आदल्या रात्री पाहुण्यांपैकी कोणीतरी लाडानं तुपात भिजलेली पुरणपोळी घातली होती, कोणी वडे. कोहळ्याची बोंडं किती गेली ते तर पोरांनाही सांगता येईना. अठरा किलोचा देशी कुत्रा आहे, पोट काही बैलाचं नाही.

"दूध-भात घाल नं थोडा, पोट थंड होते," शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या. काकूंचा भुऱ्यावर जीव आहे. पण त्या सकाळी त्याला देऊ नये असं पहिलं काही असेल, तर ते दूध. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. त्यातून जुलाबानं आतड्याचं अस्तर आधीच सोललेलं असलं, की ती न पचलेली साखर आणखी पाणी ओढून घेते आणि शी अजून पातळ होते.

काकूंना मी "हो काकू" म्हटलं आणि भुऱ्याची थाळी उचलून वर ठेवली.

घरी थांबायचं की गाडी काढायची

"काय खायला देऊ?" हे सगळे विचारतात. त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही: हे घरगुती उपायाचं पोट आहे का? मोठा, लसीकरण झालेला, एरवी ठणठणीत असलेला कुत्रा काहीतरी अरबट-चरबट खाऊन दोन-चारदा पातळ फिरला, पण शेपटी हलवतोय, दारात कोणी आलं की भुंकतोय, पाणी पोटात टिकतंय, तर घरी सांभाळता येतं. बाकीच्यांसाठी खालचे घरगुती उपाय नाहीत.

पिल्लांचं सगळ्यात आधी सांगतो. लसीचे सगळे डोस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरात एक तासही प्रयोग करू नका. पार्व्हो हा विषाणू आतड्याचं अस्तरच उद्ध्वस्त करतो. पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं, मग उलट्या आणि घाण वासाची, बहुतेकदा रक्ताळलेली शी. लहान जीव पाण्याच्या कमतरतेनं एका दिवसात हातचा जाऊ शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतरानं द्यावी लागते. एक टोचली म्हणजे झालं, असं नसतं.

मोठ्या कुत्र्यातही शीमध्ये रक्त दिसलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर उठा. काळी शी म्हणजे वर पोटात कुठेतरी रक्त झिरपून पचलेलं असतं. पाणी प्यायल्याबरोबर उलटतंय, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, कुत्रा कोपरा धरून बसलाय, उंदराचं औषध किंवा कोणाची गोळी तोंडात गेल्याची शंका आहे, पायमोजा किंवा मक्याचं बुटुक गिळलंय, तरीही उठा. गाभण कुत्री, म्हातारा कुत्रा, किडनीचा किंवा मधुमेहाचा पेशंट यांच्या बाबतीत वाट पाहू नये. गोचिडांचा ताप आपल्याकडे सर्रास असतो, आणि त्यातही खाणं सुटतं, उलट्या होतात. तेव्हा गोचीड दिसत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पोट ढोलासारखं ताठ झालंय, कुत्रा ओकायला करतोय पण काहीच बाहेर पडत नाही, येरझारा घालतोय, तर त्याचं पोट फुगून पीळ पडलेला असू शकतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त घडतं. यात सकाळची वाट पाहायची नसते, रात्री दोन वाजताही निघायचं.

आणि एक खास आपल्या गावचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना दुपारी बाहेर राहिलेला कुत्रा धापा टाकत उलट्या-जुलाब करू लागला, तर ते पोट नव्हे, ऊन लागलंय. अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली किंवा कूलरसमोर घ्या आणि तसाच ओला घेऊन दवाखाना गाठा. भाताचं पातेलं तेव्हा चढवायचं नसतं.

दवाखान्याचा नंबर दुखणं येण्याआधी फोनमध्ये असावा. सेमिनरी हिल्सवर आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि तिथे जनावरांचा दवाखानाही आहे. वेळा आधी विचारून ठेवा. रात्री आणि रविवारी कोण दार उघडतं हे वेगळं शोधून ठेवा. मी एकदा हे न करता गाडी काढली होती आणि तीन बंद शटरं पाहून परत आलो होतो.

पाच मिनिटांत काय पाहायचं

ओठ वर करून हिरडीला बोट लावा. ओली, गुळगुळीत, गुलाबी हवी. बोटाला चिकटत असेल तर पाणी कमी पडतंय. हिरडी दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसायला हवी, तंबूसारखी उभी राहिली तर सलाईनची गरज आहे आणि ते घरी होत नाही. थर्मामीटर शेपटीखालूनच लावावा लागतो, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्याचा रोजचा आकडा. नाक गरम की गार यावरून काही कळत नाही.

शीचा फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. एका वेळी भरपूर पाण्यासारखी, की थोडी थोडी, जोर लावून आणि शेंबडासारखी? पहिला प्रकार बहुधा लहान आतड्याचा, दुसरा मोठ्या आतड्याचा, आणि उपचाराची दिशा त्यावरून बदलते.

पोटाला सुट्टी

उलटी झाली असेल, तर शेवटच्या उलटीपासून सहा ते बारा तास खायला काही देऊ नका. नुसतीच पातळ शी असेल, उलटी नसेल, तर उपाशी ठेवायचं कारण नाही, सरळ भातावर या. पूर्वी चोवीस तास कडकडीत लंघन सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण आतड्याची झीज भरून यायला थोडं अन्न लागतंच. पिल्लं आणि पॉमेरेनियनसारखे चिमुकले कुत्रे तर उपाशी ठेवूच नयेत. त्यांच्या रक्तातली साखर झपकन उतरते.

पाणी मात्र कधीही बंद करायचं नाही. फक्त भरलं भांडं समोर ठेवू नका. तहानलेला कुत्रा एका दमात सगळं ढोसतो आणि तसंच परत काढतो. दर अर्ध्या तासाला दोन-चार चमचे पाणी, किंवा चाटायला बर्फाचा एखादा खडा पुरतो. साधं ओआरएस पाकिटावर लिहिलं तेवढ्याच पाण्यात कालवून थोडं थोडं देता येतं, पण ते साधंच हवं. शुगर-फ्री काहीही नको, कारण त्यात गोडव्यासाठी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी असतं. शेजारी साधं पाणीही असू द्या. पिचकारीनं घशात ओतू नका. ओकणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी गेलं तर एकाचे दोन आजार होतील.

उन्हाळ्यात कूलरच्या टाकीकडेही एक नजर टाका. आठवडाभर न बदललेलं ते पाणी कुत्र्यांना फार आवडतं.

भात, आणि तो कसा

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण "चिकन-भात दिला तरी बरं वाटत नाही" म्हणणाऱ्यांच्या घरचा भात पाहिला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. तो आपल्या जेवणातला भात असतो, वर चिकनचा रस्सा. नागपुरात रस्सा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सावजीची तर्री माणसाला घाम फोडते. तिच्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि एवढं तेल त्याच्या स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. "धुऊन दिलं" हेही चालत नाही, मसाला मांसात मुरलेला असतो.

चिकनवाल्याकडून बिनहाडाचं, कातडी काढलेलं छातीचं मांस घ्या. मीठ, हळद, आलं-लसूण काहीही न घालता नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवा. हातानं बारीक तंतू सोडवा. शिजलेलं हाड चुकूनही राहू देऊ नका, ते अणकुचीदार तुटतं. उकडलेलं पाणी फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा थर गोठतो, तो चमच्यानं काढून टाका. खालचं पाणी भातावर घातलं की रुसलेला कुत्राही ताटाला तोंड लावतो.

तांदूळ साधा पांढराच घ्या. ब्राउन राइसचा कोंडा आज नको. नेहमीपेक्षा दीडपट पाणी घालून आसट, बोटानं चिरडेल इतका मऊ शिजवा. प्रमाण एक वाटी चिकनला दोन ते तीन वाट्या भात. कोमट झाला की द्या.

घरात मांस शिजत नसेल तर अडत नाही. सालं काढलेल्या मूगडाळीची पातळ खिचडी चालते, पण बिनफोडणीची आणि बिनमिठाची. टोन्ड दूध लिंबानं फाडून केलेलं पनीर पाण्यात खळखळून धुऊन भातात कालवा. पनीरमध्ये दुधातली साखर थोडीच उरते, म्हणून दूध न चालणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना ते चालतं. अंडं चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग उत्तम.

किती द्यायचं? मनाला थोडं वाटेल इतकंच. भुऱ्याला त्या संध्याकाळी मी आधी दोन चमचे दिले आणि दोन तास वाट पाहिली. टिकलं. मग अर्धी वाटी, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच दर तीन-चार तासांनी, पाच वेळा. तो माझ्याकडे असं बघत होता की मी त्याचा वैरी आहे. बघू द्या.

कोहळं, दही, इसबगोल

पोळ्याच्या बोंडांनी पोट बिघडवलं, आणि सावरायलाही कोहळंच कामाला आलं. आमच्याकडचं कोहळं म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा, पेठ्याचा पांढरा कोहळा नव्हे. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यातलं जास्तीचं पाणी धरून ठेवतो. साल-बिया काढून नुसता उकडा, कुस्करा आणि लहान कुत्र्याला एक चमचा, मोठ्याला दोन-तीन चमचे भातात मिसळा. गूळ नको, फोडणी नको. भरमसाट घातला तर उलटाच परिणाम होतो.

शी थोडी थोडी, शेंबडी होत असेल तर इसबगोल बरा पडतो. लहान कुत्र्याला पाव ते अर्धा चमचा, मोठ्याला एक, आणि तो नेहमी ओल्या भातात भिजवूनच. दही दुसऱ्या दिवसापासून, एक-दोन चमचे, ताजं आणि बिनसाखरेचं. काही कुत्र्यांना तेही सोसत नाही, मग सोडून द्या. हिंग, ओवा, सोडा, हळदीचं दूध हे आपल्या आजीचे उपाय आपल्यासाठी ठीक.

औषधाचा डबा बंद

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या आपल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी बसते. पॅरासिटामॉलनं यकृताला इजा होऊ शकते. जुलाब थांबवायची लोपरामाइड गोळी कॉलीसारख्या जातींना थेट मेंदूवर चढू शकते. उरलेलं मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक "मागच्या वेळी दिलं होतं" म्हणून पुन्हा देणारे पुष्कळ भेटतात. साधे जुलाब बहुतेकदा अँटिबायोटिकशिवायच थांबतात, आणि गोळीनं आतड्यातले कामाचे जंतूही मरतात. गोळीला श्रेय मिळतं, काम भातानं केलेलं असतं.

परत नेहमीच्या जेवणावर

शी बांधून आली की लगेच जुनं खाणं भरून देऊ नका. पहिल्या दिवशी तीन वाटे भात-चिकन आणि एक वाटा नेहमीचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धं-अर्धं, मग एक वाटा भात आणि तीन वाटे नेहमीचं. पाचव्या दिवसापर्यंत गाडी रुळावर येते. मध्येच पुन्हा पातळ झालं तर एक पायरी मागे या. कुत्रा भाताला चटावला म्हणून हेच रोज चालू ठेवणारी घरं मला माहीत आहेत, पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम आणि बरीच जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. चार-सहा दिवसांचं हे खाणं आहे.

दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय, तर शीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जा. जंत किंवा जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी निघू शकतात. मोठ्या कुत्र्याला जंताचं औषध साधारण तीन महिन्यांनी लागतं आणि ते आपण हमखास विसरतो. शी उचलल्यावर हात साबणानं धुवा, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर.

भुऱ्या चौथ्या दिवशी काकूंच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. आता पोळ्याला बोंडांसाठी कोहळं उकडलं, की गूळ घालायच्या आधी एक गोळा बाजूला काढून मी त्याच्या वाटीत झाकून ठेवतो. पाहुण्यांना सांगायचं, त्याला काही घालावंसं वाटलं तर त्या वाटीतलं घाला.