चाकावर मोठी भांडी घडवताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुंभारकामाची परंपरा जुनी आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही खानापूर गावातच आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पिढीजात कुंभारांबरोबरच विजेच्या चाकावर हौसेने काम शिकणारी मंडळीही आता भेटतात. पणत्या, वाट्या, लहान कुंड्या यांवर हात बसला की साहजिकच रांजण किंवा मोठा माठ घडवावा असे वाटू लागते आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. भिंत अर्ध्यावर खचते, काठ डुगडुगतो किंवा सुंदर दिसणारे भांडे आठवड्याभराने बुडाशी तडकते. या अपयशात हाताच्या कौशल्याचा दोष लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. मोठ्या भांड्यात दोष जिथे दिसतो तिथे तो जन्मलेला नसतो. काठाचे डुगडुगणे बहुधा माती मळण्यातून आलेले असते आणि बुडाची चीर पहिल्या पाच मिनिटांतल्या दुर्लक्षातून.

भांड्याची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट केली आणि भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तरी माती चौपट लागते. जाडीही दुप्पट केली तर आठपट. हे सगळे वजन खालच्या ओल्या भिंतीने पेलायचे असते, म्हणून लहान भांड्यात खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही.

मातीकडे दुर्लक्ष

पहिली चूक चाकावर बसण्याआधीच होते. लहान कामासाठी भिजवलेली तीच माती तशीच मोठ्या कामाला घेतली जाते. खानापूरकडच्या भाताच्या शेतांतली आणि तळ्यांतली गाळाची माती चिकट आणि ओढीला चांगली असते, पण नुसती चिकट माती उंच भिंतीत उभी राहत नाही आणि वाळताना फार आकसते. तिच्यात बारीक चाळलेली नदीची वाळू किंवा जुन्या खापरांची भुकटी मिसळावी लागते. दहा भाग मातीला एक ते दोन भाग वाळू हे सुरुवातीचे प्रमाण म्हणून चालेल; नेमके प्रमाण मात्र आपल्या मातीवर तपासूनच ठरवावे. आपल्याकडे घोड्याची लीद आणि राख मिसळण्याची जी जुनी रीत आहे, तीही याच कामाची. लिदीतले तंतू ओली भिंत धरून ठेवतात आणि भाजताना जळून गेल्यावर बारीक छिद्रे सोडतात, ज्यांमुळे माठातले पाणी गार राहते.

बैलहोंगल, सौंदत्तीच्या बाजूची काळी माती जवळ आहे म्हणून वापरण्याचा मोह टाळावा. ती भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर प्रचंड आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. शिवाय तिच्यात चुनखडे असतात. चुनखड्याचा ज्वारीएवढा दाणा जरी भिंतीत राहिला, तरी भट्टीत त्याचा चुना होतो आणि पुढे काही दिवसांनी हवेतला दमटपणा शोषून तो फुगतो व भांड्याचा टवका उडवतो. भाजून चांगला निघालेला रांजण घरात ठेवल्या ठेवल्या असा फुटतो, तेव्हा लोक भट्टीला दोष देतात. शंका असेल तर वाळलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे उठले तर चुन्याचा अंश आहे असे समजून ती माती मोठ्या कामातून वगळावी.

आकसण्याचे मोजमाप करणे अवघड नाही. मातीची पट्टी थापून तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि पूर्ण वाळल्यावर अंतर मोजा. ते 9.2 सेंटिमीटर भरले तर माती 8 टक्के आकसली. याहून जास्त आकसणारी माती मोठ्या भांड्याला घेऊ नये, असे माझे मत आहे.

मळणीबद्दल एवढेच सांगतो की दहा किलोचा गोळा एकदम मळण्याचा हट्ट करू नये. दोन-तीन किलोचे भाग वेगळे मळावेत, तारेने कापून आतली हवा आणि कडक गाठी पाहाव्यात, मग ते एकमेकांवर आपटून जोडावेत आणि ओल्या पोत्याखाली रात्रभर ठेवावेत. गोळ्याचा एक भाग कडक व दुसरा मऊ राहिला, तर तो चाकावर कधीच सरळ फिरणार नाही.

गोळा मध्यावर बसवताना जोर लावणे

मोठा गोळा ताकदीने मध्यावर आणायचा प्रयत्न जवळपास प्रत्येक जण करतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. हाताने ढकलू नये. कोपर मांडीला किंवा पोटाला घट्ट टेकवून हात खुंटीसारखा स्थिर ठेवावा आणि फिरणाऱ्या मातीला त्या खुंटीवर येऊ द्यावे. तरीही आठ-दहा किलो जड जात असेल, तर दोन टप्पे करावेत. आधी पाच किलो माती मध्यावर बसवून तिचा माथा सपाट व कोरडा करावा, तिच्यावर उरलेला गोळा जोरात आपटून ठेवावा आणि मग फक्त वरचा भाग मध्यावर आणावा. दोन्हींच्या मध्ये पाणी राहिले तर वरचा गोळा घसरतो, हे लक्षात ठेवावे.

चाकावर लाकडी पाट बसवून त्यावर काम करणे मोठ्या भांड्यासाठी जवळजवळ सक्तीचेच आहे, कारण ओले भांडे हाताने उचलले की वाकणारच. पण पाट घट्ट बसलेला नसेल, तर सगळी मेहनत त्याच्या हेलकाव्यात जाते. गोळा ठेवण्यापूर्वी रिकामे चाक फिरवून पाटाची कड स्थिर दिसते का, ते पाहावे.

वेगाची चूकही इथूनच सुरू होते. गोळा बसवताना लागणारा वेग पुढे तसाच ठेवला जातो. मिनिटाला 100 फेऱ्यांच्या वेगात चाकाच्या मध्यापासून 10 सेंटिमीटरवरचा काठ सेकंदाला साधारण एक मीटर धावतो, तर 25 सेंटिमीटरवरचा काठ त्याच फेऱ्यांत अडीच मीटरहून अधिक. भांडे रुंदावेल तसा काठ बाहेर फेकला जाऊ लागतो, तो यामुळे. काठीने फिरवायच्या जुन्या जड चाकाचा मला इथे मोठा आदर वाटतो. गती दिल्यावर ते आपोआप मंदावत जाते, म्हणजे भांडे जसे वर चढते तसा वेग स्वतःहूनच उतरतो. विजेच्या चाकावर हे आपल्याला पायाने जाणीवपूर्वक करावे लागते.

बूड न दाबणे

माझ्या सुरुवातीच्या काळात आठ किलोचे एक भांडे उत्तम उतरले होते. आठवड्याने त्याच्या बुडाला मधोमध नागमोडी चीर पडली. मी ते खानापूरच्या एका वयस्क कुंभारमामांना दाखवायला नेले आणि त्याच्या पोटाचा आकार कसा साधला हे सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘पोटाचं राहू दे वो, आधी बूड दाबलासा काय ते सांगा.’’ मी बूड दाबले नव्हते.

भिंत वर ओढताना तिची माती घुसळली व दाबली जाते, पण गोळा मधोमध दाबून उघडताना बुडाची माती फक्त बाजूला सरकते आणि सैल राहते. सैल माती जास्त पाणी धरते आणि जास्त आकसते. त्यातच भांड्याच्या तळाशी साचलेले पाणी काढायचे विसरले, की बूड भिंतीच्या मागे राहून वाळते आणि आधीच वाळलेल्या भिंतीच्या कड्यात अडकून फाटते. म्हणून गोळा उघडल्यावर लगेच, भिंतीला हात लावण्यापूर्वी, बोटांनी किंवा लाकडी पट्टीने मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून परत मध्यापर्यंत चार-पाच वेळा बूड दाबावे आणि प्रत्येक ओढीनंतर आतले पाणी फडक्याने टिपावे. उंच भांड्यात हात तळापर्यंत पोहोचत नसेल, तर काठीला स्पंज बांधून घ्यावा. बुडाची जाडी सुईने तपासावी. दीड सेंटिमीटर पुरे.

उंचीआधी पोट

माठाचे गोल पोट डोळ्यांपुढे असते, म्हणून पहिल्या दोन ओढींतच भिंत बाहेर झुकू दिली जाते. बाहेर झुकलेली भिंत पुढे उंचावत नाही, फक्त रुंदावते आणि शेवटी खाली बसते. आधी उभे, किंचित आत झुकलेले नळकांडे करावे. प्रत्येक ओढ संपली की दोन्ही हातांनी गळा आवळावा आणि काठ बोटाने दाबून गोल करावा. तीन किंवा चार ओढींत उंची साधावी. त्याहून जास्त ओढी म्हणजे जास्त पाणी, आणि पाणी पिऊन मऊ झालेली भिंत खचतेच.

हात वर नेण्याचा वेग चाकाच्या वेगाशी जुळला पाहिजे. चाक मंद आणि हात घाईत असेल, तर भिंतीवर मळसूत्रासारखी जाड-पातळ वळणे पडतात आणि पातळ वळणातून भांडे कलते. भिंत खाली जाड व वर पातळ असावी हे सर्वांना माहीत असते. प्रत्यक्षात मात्र पहिल्या ओढीचा उत्साह बुडालगतच खर्च होतो आणि तिथेच भिंत सर्वांत बारीक होते. भांडे खचण्यापूर्वी बुडाच्या थोडे वर एक हलकी घडी दिसू लागते. ती दिसली की चाक थांबवावे, बाहेरून वाळता वारा किंवा पंख्याची हवा द्यावी आणि तासाभराने पुढे जावे. त्याच क्षणी ‘अजून एक ओढ’ घेणाऱ्याचे भांडे मी वाचलेले पाहिलेले नाही.

पोट काढायची वेळ आली की बाहेरून पाणी लावणे बंद करावे. आतून गोल खापरी किंवा लाकडी पट्टी टेकवून, चाक अगदी हळू फिरवत, खालून वर एकेक फेरी बाहेर दाबत न्यावी. काठ डुगडुगत असेल तर त्याला हाताने सरळ करत बसू नये. सुईने वरचा अर्धा-एक सेंटिमीटर कापून टाकावा. थोडी उंची गेली तरी चालेल.

सगळे एकाच बैठकीत करण्याचा हट्ट

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, कारण ती आपल्याच परंपरेच्या विरुद्ध आहे. आपल्याकडचा मोठा माठ चाकावर पूर्ण होतच नाही. चाकावर गळा आणि काठ नीट घडवतात, खालची भिंत मुद्दाम जाड ठेवतात, सुताने कापून भांडे उतरवतात आणि ते थोडे सुकल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत पोट वाढवतात आणि बूड बुजवतात. ठोकण्याने माती दाबली जाते, भिंत पातळ होऊनही भक्कम राहते. ठोकण्याची वेळ मात्र साधावी लागते: अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा पण माती बोटाला चिकटू नये. त्याआधी ठोकले तर भांडे वाकते, उशिरा ठोकले तर चिरते. थापटणे चिकटू नये म्हणून त्यावर कोरडी राख भुरभुरावी. ठोकण्याच्या फेऱ्या एका दिवसात संपवू नयेत. दोन-तीन वेळा थांबत, प्रत्येक वेळी थोडे थोडे वाढवावे.

सपाट बुडाच्या मोठ्या कुंडीसाठी दुसरा मार्ग सोयीचा पडतो. खालचा भाग चाकावर घडवून तो स्वतःचे वजन पेलण्याइतका कडक होऊ द्यावा, काठ मात्र ओल्या फडक्याने झाकून मऊ ठेवावा. मग त्या काठावर ओरखडे काढून पातळ गारा लावावा, मातीची जाड वळी बसवावी, आतून-बाहेरून दाबून सांधा एकजीव करावा आणि ती वळी चाकावरच वर ओढावी. सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्या ओलाव्याच्या नसतील तर वाळताना आडवी चीर तिथेच पडते. दोन भाग वेगळे घडवून जोडायचे असतील, तर दोन्ही काठांचे माप एकाच काठीवर खूण करून घ्यावे, डोळ्यांनी ठरवू नये.

वाळवण्याची घाई

या सीमाभागात हवामान दर पन्नास किलोमीटरवर बदलते. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात भांडे पंधरा दिवसांनीही ओलेच राहते, तर अथणीच्या कोरड्या वाऱ्यात एका दुपारीत काठ पांढरा पडतो. त्यामुळे ‘इतके दिवस वाळवा’ असा नियम उपयोगाचा नाही. काठ आणि गळा प्लॅस्टिकने झाकावे व पोट उघडे ठेवावे. काठ सावरण्याइतका कडक झाला की भांडे उलटे करून बूड वाऱ्याला द्यावे. खाली वाळूचा थर किंवा जुनी वर्तमानपत्रे असावीत, म्हणजे आकसताना बूड पाटाला धरून राहणार नाही. उलटे-सुलटे करताना काठाला धरून उचलणे ही फार सामान्य चूक आहे. बुडाखाली आणि पोटाला हात द्यावा. माठांचा हंगाम फेब्रुवारीपासून सुरू होतो आणि वळवाच्या सरी कधीही येतात, तेव्हा अर्धवट वाळलेले मोठे भांडे अंगणात सोडून गावाला जाऊ नये.

भट्टीतली पहिली काही तासांची आच

भिंत बाहेरून वाळलेली दिसली, तरी जाड बुडाच्या आत ओल असते. भांडे गालाला लावून पाहावे. गार लागले तर ते अजून ओले आहे. ओल राहिलेल्या भांड्यातले पाणी 100 अंशांवर वाफ होऊन भिंत फोडते, म्हणून मोठी भांडी असतील तेव्हा सुरुवातीची आच धुरावर, मंद, कित्येक तास ठेवावी. पुढे 573 अंशांच्या आसपास मातीतल्या गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकाएकी प्रसरण पावतात आणि थंड होताना तेवढेच आकसतात. मोठ्या भांड्याची एक बाजू त्या टप्प्यावर दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर उभी तडक जाते. आवा, म्हणजे आपली उघडी भट्टी, उघडण्याची घाई केल्यावर कानावर येणारा ‘टण्‌’ असा आवाज हाच असतो. मोठी भांडी आव्याच्या मध्यभागी ठेवावीत, त्यांच्या पोटात लहान भांडी खच्चून भरू नयेत आणि राख हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय वरची खापरे काढू नयेत.

बाहेर काढल्यावर बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. स्वच्छ खणखणीत आवाज आला तर पाणी भरून एक रात्र ठेवावे. पाझर सर्व बाजूंनी सारखा असेल तर माठ चांगला. आवाज बद्द आला, तर बहुधा न दिसणारी चीर कुठेतरी आहे. त्यात पाणी न भरता धान्य भरावे आणि चिरेची जागा सापडली की ती बुडाची आहे, सांध्याची आहे की काठाची, हे पुढच्या भांड्यासाठी वहीत लिहून ठेवावे.